जुने काम, नवी नोकरी: बायोडाटा कसा लिहावा





या त्रैमासिकात आपण बहुधा वसतिगृह, आरोग्य शिबिरे आणि बालवर्ग यांच्या बातम्या वाचता. या वेळी मी एका साध्या कागदाविषयी लिहिणार आहे. तो कागद म्हणजे नोकरीचा बायोडाटा. विषय लहान वाटेल. पण सेलू तालुक्यातील वालूर आणि आसपासच्या वस्त्यांवर काम करताना मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे की, हा एक कागद नीट न लिहिल्यामुळे हाताला चांगले काम येणारी माणसे दारातूनच परत येतात. सर्वांत जास्त अडचण होते ती ज्यांचे उपयोगाचे काम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे आहे आणि मधली वर्षे दुसऱ्याच कामात गेली आहेत, त्यांची.

एका ताईंचा कागद

मागच्या वर्षी पावसाळ्यात वालूरजवळच्या एका वस्तीवरील ताई माझ्याकडे आल्या. आंध समाजातल्या, माहेर जिंतूर तालुक्यातले, वय सदतीस. परभणीच्या एका प्रसूतिगृहात रुग्णांसाठी मदतनीस हवी होती. त्याआधी त्यांनी दोन ठिकाणी अर्ज दिले होते. दोन्हीकडून काहीच उत्तर आले नव्हते.

त्यांनी पिशवीतून बायोडाटा काढला. झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणलेला. त्यात जन्मवेळ होती, उंची होती, वर्ण होता, मामांचे गाव होते. दुकानदाराकडे लग्नाच्या बायोडाट्याचा नमुना तयार होता, त्यातच त्याने नाव बदलून दिले होते. सर्वांत खाली 'अनुभव' या शब्दापुढे दोन ओळी: शाळेत पोषण आहार शिजवणे, २०२३ पासून. ऊसतोड, ९ हंगाम.

मी विचारले, "ताई, दवाखान्यातच अर्ज का करता?"

"मला ते काम येतंय म्हणून."

"ते कसं?"

"आधी मिशनच्या दवाखान्यात होते ना मी. बाळंतिणीच्या वॉर्डात. सहा वर्षं."

"मग हे कागदावर का नाही?"

"लई जुनं झालं ते, दादा. आता कोण पुसतंय त्याला? दुकानवाला म्हणला, शेवटचं काम आधी लिहायचं असतं, आणि जागा तेवढीच होती."

ताईंचे यजमान तेव्हा दवाखान्याच्या गावीच हमाली करत. पुढे सासरे आजारी पडले, कर्ज झाले, मुकादमाची उचल घ्यावी लागली आणि दोघांनी मिळून कोयता धरला. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणांपैकी मराठवाड्यातील वाचकांना सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, उन्हाळा लागल्यावर परतायचे, असे नऊ हंगाम गेले. या नऊ हंगामांनी आधीची सहा वर्षे झाकून टाकली. कागदावरून तर गेलीच, पण ताईंच्या मनातूनही ती 'अनुभव' म्हणून पुसली गेली होती.

वालूरची चक्राकार बारव आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची ही जुनी विहीर गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली. पायऱ्या कोणी नव्याने बांधल्या नाहीत, त्या तिथेच होत्या. ताईंच्या बायोडाट्याचे कामही असेच होते. नवे काही लिहायचे नव्हते, असलेले वर आणायचे होते.

माझीही तीच चूक

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. मी या कामात येण्यापूर्वी अकरा वर्षे एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होतो. त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, तीन वर्षे एका वसतिगृहात राहून रात्री मुलांचा अभ्यास घेत असे. आजारी मुलाला दवाखान्यात नेणे, घरी पळून गेलेल्या मुलाला समजावून परत आणणे, हीही कामे माझ्याकडेच होती. आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडे मी पहिला अर्ज केला, तेव्हा दीड पान कापसाच्या गाठी, रोकड वही आणि ताळेबंद यांविषयी लिहिले. वसतिगृहाचा उल्लेखच केला नाही, कारण ते 'जुने' होते आणि पगारही नाममात्र होता. अर्ज नामंजूर झाला. एका पाळकसाहेबांनी तो कागद वाचून मला विचारले, "यांना हिशेबनीस हवा होता का?" त्यांना मुलांमध्ये राहणारा माणूस हवा होता. पुढच्या अर्जात मी तीन वर्षे वर घेतली आणि अकरा वर्षे खाली ठेवली. त्याच कागदावर आज मी येथे आहे.

वाचणाऱ्याला काय हवे, तेथून सुरुवात

बायोडाटा म्हणजे आपल्या आयुष्याची हकिगत, असे आपण समजतो. म्हणून जन्मापासून तरी लिहितो, नाहीतर आजपासून मागे तरी जातो. पण वाचणाऱ्याला आपली हकिगत नको असते. त्याच्यापुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि मनात एकच प्रश्न असतो: हे काम या माणसाला येते का? या प्रश्नाचे उत्तर पहिल्या अर्ध्या पानात मिळाले नाही, तर पुढचे पान बहुतेक वेळा उलटले जात नाही.

ही गोष्ट आजची नाही. सुमारे १४८२ मध्ये इटलीतील लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला कामासाठी पत्र लिहिले. तो चित्रकार म्हणून तयार झालेला माणूस. पण मिलानला तेव्हा लढाईची चिंता होती. म्हणून पत्रात त्याने आधी हलवता येणारे पूल, तोफा, किल्ल्यांना वेढा घालण्याची साधने, अशा गोष्टी क्रमाने मांडल्या. मूर्तिकला आणि चित्रकला अगदी शेवटी, शांततेच्या काळात करता येण्याजोगी कामे म्हणून आली. आपल्याकडे काय काय आहे यापेक्षा समोरच्याला आधी काय हवे आहे, यावरून त्याने क्रम ठरवला.

दोन मथळे करावेत

'शेवटचे काम आधी' हा दुकानदाराचा नियम चुकीचा नाही. एकाच प्रकारच्या कामात वर चढत गेलेल्या माणसाला तो ठीक आहे. पण काम बदलणाऱ्याचे, किंवा जुन्या कामाकडे परत जाणाऱ्याचे, त्या नियमाने नुकसान होते. त्याचा उपाय सोपा आहे. अनुभवाचे दोन भाग करायचे. पहिल्याला मथळा द्यायचा 'या कामाशी संबंधित अनुभव' आणि दुसऱ्याला 'इतर अनुभव'. प्रत्येक भागात अलीकडचे आधी, जुने नंतर. अशाने नियमही मोडत नाही आणि पंधरा वर्षांपूर्वीचे उपयोगाचे काम पहिल्या पानावर वर येते. तारखा मात्र दोन्ही भागांत लिहायच्या, महिना आणि वर्ष दोन्ही. तारीख गाळली की वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी लपवले आहे.

ताईंचा कागद आम्ही वालूरला बसून असा केला:

*थोडक्यात ओळख.* प्रसूती विभागात मदतनीस म्हणून जवळजवळ सहा वर्षे काम. रात्रपाळीची सवय. मराठी व हिंदी बोलता येते, आंध वस्त्यांतील बोलणे समजते. शिक्षण दहावी.

*या कामाशी संबंधित अनुभव.* मदतनीस, प्रसूती विभाग, मिशनचा दवाखाना, जून २००८ ते मार्च २०१४. बाळंतिणीची स्वच्छता, कपडे व चादरी बदलणे. बाळाला पुसून गुंडाळणे, वजनाच्या वेळी सिस्टरना मदत करणे. वापरलेली साधने धुऊन निर्जंतुकीकरणासाठी लावणे. रुग्णाला ताप आला किंवा जास्त रक्तस्राव दिसला तर ताबडतोब सिस्टरना कळवणे. आठवड्यातून तीन रात्रपाळ्या.

*इतर अनुभव.* शालेय पोषण आहार, स्वयंपाकी-मदतनीस, जून २०२३ पासून. ऊसतोड कामगार, ऑक्टोबर २०१४ ते एप्रिल २०२३, दरवर्षी हंगामात.

*संदर्भ.* त्या काळी वॉर्डच्या प्रमुख असलेल्या, आता निवृत्त सिस्टर. नाव व फोन नंबर, त्यांच्या परवानगीने.

एवढेच. एक पान. जन्मवेळ, वर्ण आणि मामांचे गाव काढून टाकले.

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, पदाचे नाव लिहून आम्ही थांबलो नाही. 'दवाखान्यात आया होते' एवढ्याने काही कळत नाही. दवाखान्यात झाडू मारणारीही असते आणि बाळंतिणीजवळ रात्र काढणारीही. हात काय करत होते, ते लिहावे. ताईंना आधी काही आठवेना. मग मी विचारले, "सकाळी वॉर्डात गेल्यावर पहिलं काय करायचा? मग काय?" तेव्हा अर्धा तास त्या बोलत होत्या. जुन्या कामाविषयी असेच विचारावे. 'तुमचा अनुभव काय' या प्रश्नाने माणूस गप्प होतो. 'दिवस कसा जायचा' या प्रश्नाने बोलू लागतो.

दुसरी गोष्ट, नऊ हंगाम लपवले नाहीत. ऊसतोड ही लाजेची गोष्ट नाही. पहाटे अंधारात उठून गाडी भरणे, कोपीवर लेकरे सांभाळणे, टनाच्या पावत्या जपून मुकादमाशी हिशेब करणे, हे ज्याला जमले त्याला रात्रपाळी जड जात नाही. मुलाखतीत हे अवश्य सांगावे. पण कागदावर त्याला मोठमोठी नावे देऊ नयेत. शहरातील एका तरुणाने सुचवले होते की ऊसतोडीला 'पथक व्यवस्थापन' म्हणावे. वाचणारा हसतो आणि मग खऱ्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही.

तिसरी गोष्ट, मधल्या काळाचे कारण बायोडाट्यात लिहिले नाही. ते सोबतच्या अर्जात एका वाक्यात आले: 'कौटुंबिक अडचणीमुळे २०१४ मध्ये हे काम सोडावे लागले, आता मुले मोठी झाली असून पुन्हा रुग्णसेवेच्या कामाची इच्छा आहे.' कर्ज, आजारपण, उचल हे सगळे सांगण्याची गरज नाही. दया वाटून कोणी बाळंतिणीजवळ माणूस ठेवत नाही, विश्वास वाटला तर ठेवतो.

तारखा वाढवण्याचा मोह

आम्ही तो कागद टाइप करायला गेलो, तेव्हा दुकानातील मुलगा सहज म्हणाला, "२०१४ च्या जागी २०२२ टाकू का? ऊसतोड काढून टाकतो. कोण बघायला येतंय?" त्याच्या मनात वाईट काही नव्हते. ताईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मोह होता, हे मी नाकारणार नाही. दोनदा नकार पचवलेल्या माणसाला तो होणारच.

मी उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो, "ताई, मुलाखतीत सिस्टर विचारतील, २०१९ साली तुमच्या वॉर्डात किती खाटा होत्या? काय सांगाल?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नको. आहे तेच राहू द्या."

जुना अनुभव वर आणणे म्हणजे त्याला नवा म्हणणे नव्हे. क्रम बदलावा, तारीख बदलू नये. क्रम आपल्या हातात आहे, तारीख नाही.

जुने काम किती जुने चालते?

सरसकट उत्तर नाही, पण एक कसोटी आहे. जे काम हाताला आणि स्वभावाला लागलेले असते, ते लवकर शिळे होत नाही: रुग्णाची शुश्रूषा, स्वयंपाक, शिवण, गवंडीकाम, वेल्डिंग, मुलांना सांभाळणे. ज्या कामात यंत्रे, नियम किंवा परवाने बदलतात, ते मात्र ताजे करून घ्यावे लागते. पंधरा वर्षांपूर्वी संगणकावर हिशेब लिहिणाऱ्याने आजचा जीएसटी शिकल्याशिवाय जुन्या अनुभवावर भिस्त ठेवू नये, कारण जीएसटी लागू झाला तोच मुळी जुलै २०१७ मध्ये. वाहनचालकाचा परवाना संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ झाला असेल, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. नर्सिंगची नोंदणी असेल तर तिचे नूतनीकरण झाले आहे का ते आधी पाहावे. बायोडाट्यात जुना अनुभव आणि त्यापुढे नुकतेच घेतलेले छोटे प्रशिक्षण, अशी जोडी दिसली की वाचणाऱ्याची अर्धी शंका मिटते.

ज्यांना काम येते पण प्रमाणपत्र नाही, त्यांच्यासाठी सरकारची एक व्यवस्था आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. तिला 'पूर्वज्ञानाची मान्यता' म्हणता येईल. कार्यालयात तिला 'आरपीएल' म्हणतात. रुग्ण-मदतनीस, वेल्डर, शिवणकाम, गवंडी अशा कामांसाठी अशा परीक्षा झाल्या आहेत. ती सर्व वेळ सर्वत्र चालू नसते, म्हणून परभणीच्या जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात किंवा जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करून मगच माणसाला पाठवावे. उगीच भाडे खर्च करून फेरी घालायला लावू नये.

पुरावा कोठून आणायचा?

जुन्या कामाची खरी अडचण पुराव्याची असते. काम सोडताना अनुभवाचे पत्र मागायचे असते, हे आपल्या वस्त्यांवर कोणाला माहीत नव्हते आणि देणाऱ्यांनीही आपण होऊन दिले नाही. तरीही पुष्कळ वेळा कोठेतरी खूण राहिलेली असते.

ज्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तेथील नोंद सहसा मिळते. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा एकच क्रमांक मिळू लागला. त्या क्रमांकावर कोणत्या आस्थापनेत कधी लागला आणि कधी सोडले, हे दिसते. आमच्याकडे फासेपारधी समाजातील एक तरुण आला होता. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत त्याने वेल्डिंग केले, पुढे सहा वर्षे पुण्यात वॉचमन राहिला, आणि आता त्याला शेतीची औजारे बनवणाऱ्या कारखान्यात काम हवे होते. वेल्डिंगचा एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या मोबाईलवर नोंद उघडली तेव्हा दोन वर्षे चार महिने, कंपनीच्या नावासह, तेथे लिहिलेले निघाले. तो स्वतःच बघत राहिला.

याखेरीज बँकेच्या जुन्या पासबुकातील पगाराच्या नोंदी, राज्य कामगार विम्याचे कार्ड, कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बचत गटाच्या वहीवरील सचिवाची सही, यांतील काहीही उपयोगी पडते. हे कागद बायोडाट्याला जोडायचे नसतात. एका फाईलमध्ये ठेवून मुलाखतीला सोबत न्यायचे असतात.

काहीच नसेल तर त्या काळी वरिष्ठ असलेल्या व्यक्तीचे पत्र घ्यावे. येथे एक फरक लक्षात ठेवावा. अनुभवाचे प्रमाणपत्र संस्था देते, आपल्या लेटरहेडवर, आपल्या नोंदवहीवरून. निवृत्त व्यक्ती देते ते संदर्भपत्र. त्यात तिने स्पष्ट लिहावे की, मी अमुक काळात तेथे अमुक पदावर होते, ही व्यक्ती माझ्या हाताखाली अमुक काम करत होती, आणि मी हे माझ्या माहितीवरून लिहीत आहे. अशा प्रामाणिक पत्राला वजन असते.

सरकारी अर्जाची गोष्ट वेगळी

वर सांगितलेली मांडणी खासगी दवाखाने, शाळा, ट्रस्ट, कारखाने यांच्यासाठी आहे. सरकारी भरतीत अर्जाचा नमुना ठरलेला असतो. तेथे जाहिरातीत अनुभवाची जी व्याख्या दिली असेल तीच चालते, आणि तो दिलेल्या तारखेपर्यंतचाच मोजला जातो. तेथे रकाने बदलू नयेत. शैक्षणिक पात्रतेची अटही आधी वाचावी. उदाहरणार्थ, अंगणवाडी सेविका व मदतनीस या पदांसाठी २०२३ पासून महाराष्ट्रात बारावी उत्तीर्ण ही अट आहे, त्यामुळे दहावी झालेल्या ताईंना कितीही अनुभव असला तरी तो मार्ग बंद होता. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आरक्षित जागांसाठी लागते. खासगी नोकरीच्या बायोडाट्यात जात-धर्म लिहिण्याची गरज नाही.

आपण काय करू शकतो?

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतले तेथे येतो. आपणांपैकी पुष्कळजण मिशनच्या शाळांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत आयुष्य घालवलेले आहेत. मिरजेचे वॉनलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झाले. जालना, अहिल्यानगर, नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा, अशा ठिकाणच्या मिशन दवाखान्यांतही डॉक्टर-सिस्टरांच्या हाताखाली कितीतरी आयाबाई, वॉर्डबॉय, स्वयंपाकी आणि चालक काम शिकले. त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, पण पगाराच्या वहीत किंवा कोणा निवृत्त मेट्रनबाईंच्या आठवणीत ती आहेत.

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. आपल्या संस्थेत पूर्वी काम केलेले कोणी पत्र मागायला आले, तर 'जुने रेकॉर्ड नाही' म्हणण्यापूर्वी एकदा कपाट उघडून पाहा. आपण निवृत्त असाल आणि कोणाचे काम आपल्या डोळ्यांसमोर झाले असेल, तर संदर्भ म्हणून आपले नाव व फोन देण्याची परवानगी द्या, आणि फोन आला तर खरे तेच सांगा. आपल्या मंडळीत कोणी काम शोधत असेल, तर त्याच्यासोबत एक तास बसा आणि विचारा, 'तिथं तुमचा दिवस कसा जायचा?' आणि आपण स्वतः कोणाला कामावर ठेवत असाल, तर कागदाचा खालचा भागही वाचा. तेथे एखादी सहा वर्षे दडलेली असू शकतात.

एक विनंती नकाराचीही आहे. मंडळीच्या लेटरहेडवर, न झालेल्या कामाचे प्रमाणपत्र द्या, अशी गळ कोणी घातली तर देऊ नका. एका खोट्या पत्राने पुढच्या दहा खऱ्या पत्रांची किंमत जाते.

पुढे काय झाले

ताईंच्या जुन्या सिस्टरांचा नंबर मिळायला आम्हांला तीन आठवडे लागले. त्या आता मुलाकडे राहतात. फोनवर त्यांनी ताईंचा आवाज लगेच ओळखला नाही. ताईंनी वॉर्डातील एका रात्रीची आठवण सांगितली, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात जुळी झालेली. मग पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "अगं, तू होय?" पत्र आठ दिवसांत आले.

परभणीच्या त्या प्रसूतिगृहातील जागा तोवर भरली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चांगला कागद म्हणजे नोकरीची हमी नव्हे. पण तो कागद तेथे ठेवून घेतला गेला. दोन महिन्यांनी त्याच शहरातील दुसऱ्या एका दवाखान्यातून बोलावणे आले. मुलाखतीत तेथील सिस्टरांनी त्यांना खाट लावून दाखवायला सांगितली. ताईंनी चादरीचे कोपरे असे दुमडले की सिस्टरांनी विचारले, "हे कुठं शिकलात?" तीन महिन्यांच्या परीक्षेवर रात्रपाळीसाठी त्यांना घेतले. परीक्षा संपली, त्या अजून तेथेच आहेत. या वर्षी दिवाळीनंतर वस्तीवरून कोयते निघाले, तेव्हा त्या जोडीचा कोयता निघाला नाही. त्यांची धाकटी मुलगी गावच्याच शाळेत राहिली.

वालूरला आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही बायोडाटा लिहायला बसतो. एक टेबल, दोन खुर्च्या, एक जुना लॅपटॉप. येणाऱ्यांतील बहुतेकांचे पहिले वाक्य तेच असते: "लई जुनं झालं ते." त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या कपाटात त्यांची जुनी पत्रे पडून आहेत त्यांच्यासाठी, आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्यावी.

आपला बंधू